दोन घरचा पाहुणा: एका वर्गाच्या दोन बाई

ही हकीकत पुण्यातल्या एका विनाअनुदानित, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतली आहे. मी तिथे मुख्याध्यापिका आहे. शाळेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही घरगुती तपशील बदलले आहेत. दोन्ही बाईंनी हे लिखाण आधी वाचलं आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं. तिसरीच्या मुलांनी त्यांना जी नावं पाडली तीच इथे वापरते: सोमवारच्या बाई आणि गुरुवारच्या बाई.

गेल्या वर्षभरात दोन-तीन शाळांच्या मुख्याध्यापकांचे फोन आले. "तुमच्याकडे एका जागेवर दोघी आहेत म्हणे, जमतं का?" फोनवर बोलताना चांगलं तेवढं सांगितलं जातं आणि चुका राहून जातात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

आमच्याकडे पहिली ते चौथीच्या दोन-दोन तुकड्या आहेत. २०२३-२४ मध्ये शाळा सकाळी ७.२० ते १२.२० भरायची, शनिवारी साडेदहाला सुटायची. तिसरी 'ब'चा पट ३६.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोमवारच्या बाईंनी राजीनामा आणून दिला. कारण 'घरगुती' एवढंच लिहिलेलं. शाळेत त्यांची चौदा वर्षं झाली होती. डिसेंबरात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. यजमान चाकणला कंपनीत, पाळ्या बदलत्या. त्यांची सेवा करायला ब्यूरोतून आणलेली बाई दोन महिन्यांत तिसऱ्यांदा बदलली होती. बाई धायरीहून यायच्या, सकाळी सहा वाजता सासूबाईंचं आवरून निघायच्या आणि परत जाताना सिंहगड रोडच्या गर्दीत अडकायच्या.

त्याच महिन्यात गुरुवारच्या बाईंचा निरोप आला. त्यांना शाळेत सहा वर्षं झाली होती. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपून त्या बिनपगारी रजेवर होत्या. "जूनपासून पूर्ण वेळ जमेलसं वाटत नाही, पण सोडायचंही मनात नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. जूनमध्ये मुलगी अकरा महिन्यांची होणार होती आणि घराजवळचं पाळणाघर नऊच्या आधी उघडत नव्हतं.

म्हणजे दोन कायम शिक्षिका एकाच वेळी जाणार होत्या.

अडचण

नव्या शिक्षिका मिळणं सोपं नव्हतं. डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दोन्ही असलेल्या मुलींनी त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये शिक्षक भरतीसाठीची शासनाची अभियोग्यता चाचणी दिली होती. शासनाच्या शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरून नेमणूक आली की त्या वर्षाच्या मध्यातच जाणार, हे त्या मुलाखतीत मोकळेपणाने सांगत होत्या. त्यांना दोष देता येत नाही. सरकारी पगार आणि आमचा पगार यांत फरकच तेवढा आहे.

वर्गही नेमका तिसरीचा होता. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब करता यावेत असं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. अक्षर-अंक शिकवण्याचे दिवस संपून वाचून शिकण्याचे दिवस सुरू होतात ते याच वर्षात. या वर्गावर वर्षाच्या मध्यात माणूस बदलला तर चौथीत दुरुस्ती करत बसावं लागतं, हे मी आधी दोनदा पाहिलं होतं.

एका जागेवर दोघींना घ्यायची कल्पना माझी नाही. गुरुवारच्या बाईंची नणंद नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवेनला राहते. तिच्या मुलाच्या वर्गाला दोन शिक्षिका आहेत, आठवड्याचे पहिले दिवस एकीचे आणि उरलेले दुसरीचे. त्या देशात प्राथमिक शाळेतले कितीतरी शिक्षक अर्धवेळ काम करतात, त्यामुळे पालकांना त्यात काही वेगळं वाटत नाही. बाईंनी मला हे सांगितलं ते जरा घाबरतच. मी "बघू" म्हटलं आणि दोन दिवस तोच विचार करत राहिले.

समोर असलेले पर्याय

दोघींचे राजीनामे घेऊन दोन नव्या नेमणुका करणं हा सरळ मार्ग होता. वर्षभराची बिनपगारी रजा हा दुसरा. सोमवारच्या बाईंनी तो लगेच नाकारला. ब्यूरोच्या बाईचा पगार त्यांच्याच पगारातून जात होता.

उरलं वाटून घेणं. ते तीन तऱ्हांनी करता आलं असतं.

विषय वाटायचे, म्हणजे एकीने मराठी आणि परिसर अभ्यास, दुसरीने गणित आणि इंग्रजी. शिकवण्याच्या दृष्टीने हे सगळ्यात स्वच्छ. पण मग दोघींनाही रोज यावं लागणार. अडीच तास शिकवायचं आणि जाण्या-येण्यात पावणेदोन तास घालवायचे, यात कुणाच्याच घराला काही मिळत नव्हतं. कागदावर नीटनेटकं दिसणारं वेळापत्रक बाईंच्या घरातल्या घड्याळाशी जुळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एक आठवडा एकीने, पुढचा दुसरीने, हा मार्ग आम्ही पाच मिनिटांत सोडला. आठ वर्षांच्या मुलांना बाई आठ दिवस दिसल्याच नाहीत तर नातं पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागेल.

तिसरा मार्ग दिवस वाटण्याचा. सोमवार, मंगळवार, बुधवार एकीचे. गुरुवार, शुक्रवार आणि अर्धा शनिवार दुसरीचे. आम्ही हा घेतला.

अनुदानित शाळेत हे इतकं सहज झालं नसतं. तिथे किती पदं हे शासन पटावरून ठरवतं (त्याला संचमान्यता म्हणतात), पगार शासनाच्या 'शालार्थ' प्रणालीतून निघतो, मुख्याध्यापकाच्या हातात यातलं फारसं काही नसतं. आमच्याकडे संस्थेचं मंडळ राजी झालं की पुरे होतं. हे वाचून कुणी आपल्या शाळेत करायला निघालं, तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

काय ठरवलं

पगार निम्मा-निम्मा. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून पूर्ण जागेचे २६,००० रुपये होते, तेव्हा प्रत्येकीला १३,०००. शाळा प्रॉव्हिडंट फंड १५,००० च्या मर्यादेवर कापते, म्हणून बाईंची वर्गणी १,८०० वरून १,५६० झाली. इथपर्यंत मला वाटत होतं की हिशेब झाला.

आमचे हिशेबनीस बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. मसुदा वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "बाई, आणि ग्रॅच्युइटीचं काय?" ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांबद्दल मिळणारी रक्कम, शेवटच्या पगारावर मोजतात. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. सोमवारच्या बाईंचा फेब्रुवारीतला राजीनामा तसाच मंजूर झाला असता तर चौदा वर्षांचे २,१०,००० रुपये झाले असते. निम्म्या पगारावर येऊन वर्षभराने सोडलं, तर त्याच चौदा वर्षांचे १,०५,००० होणार. शाळेला मदत करण्यासाठी थांबलेल्या बाईंचं एक लाखाचं नुकसान, आणि आम्हा कुणाच्या ते गावीही नव्हतं.

कायद्यापेक्षा जास्त द्यायला कायदा मनाई करत नाही. म्हणून मंडळाने ठराव करून दोघींना पत्र दिलं: पूर्ण वेळ केलेल्या वर्षांची ग्रॅच्युइटी पूर्ण वेळेच्या पगारावर आणि अर्धवेळ केलेल्या वर्षांची अर्धवेळ पगारावर मोजली जाईल. या सबंध प्रकरणात आम्ही वेळेवर केलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि तिचं श्रेय हिशेबनीसांचं.

मराठी आणि गणित दोघींनी आपापल्या दिवशी घ्यायचं, इंग्रजी सोमवारच्या बाईंकडे, परिसर अभ्यास गुरुवारच्या बाईंकडे. एक शंभर पानी निळी वही वर्गाच्या कपाटात ठेवायची आणि निरोप त्यात लिहायचे. बाकीचं फोनवर. वर्ग एकमेकींच्या हाती सोपवायला लागणाऱ्या वेळाचे पैसे मी धरले नाहीत. एवढं त्या करतीलच, असं मी गृहीत धरलं.

शाळा १५ जूनला सुरू झाली. तो गुरुवार होता. दोघीही आल्या आणि दारात उभं राहून मुलांना आत घेतलं. शनिवारी पालकसभा झाली. एका मुलीचे आजोबा उठून म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो." सभेत हशा पिकला. मागच्या बाकावरची एक आई म्हणाली, "मला असं कुणी दिलं असतं तर मी नोकरी सोडली नसती." सभा त्यावर निवळली आणि मीही आजोबांचं म्हणणं तिथेच सोडून दिलं. दिवाळीआधी पुन्हा बसू, एवढं आश्वासन दिलं.

पहिले दहा आठवडे

मुलं चार दिवसांत रुळली. आज कुठल्या बाई हे त्यांना फळ्यावरच्या वारावरून कळायचं. सोमवारच्या बाई 'बावन्न' म्हणतात आणि गुरुवारच्या बाई 'पन्नास दोन', अशी तक्रार दोन पालकांनी केली. मुलांना दोन्ही कळत होतं. पालक ज्याला घाबरत होते त्यातून काही बिघडलं नाही. बिघडलं ते दुसरीकडे.

ऑगस्टच्या घटक चाचणीत हातच्याच्या वजाबाकीत ११ मुलांची चूक एकाच धाटणीची आली. त्यातल्या एका मुलीची वही मी समोर घेऊन बसले. गणित ५२ वजा २७. तिने ५ खोडून वर ४ केला होता आणि खालच्या २ शेजारी बारीक १ लिहून त्याचे ३ केले होते. बारातून सात गेले पाच, चारातून तीन गेला एक. उत्तर १५.

"हा चार कुठून आला?"

"सोमवारच्या बाई म्हणाल्या, पाचातून एक दशक काढून सुट्टा करायचा."

"आणि हे तीन?"

"गुरुवारच्या बाई म्हणाल्या, घेतलेला एक खाली द्यायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी दोघींचं ऐकलं."

दोन्ही रीती बरोबर आहेत. दशक सुट्टा करण्याची रीत पुस्तकातली, खाली एक देण्याची आपल्या आईवडिलांच्या पिढीची. एकेक वापरली तर दोन्हींनी २५ येतात, एकत्र केल्या की १५. मी निळी वही उघडली. सोमवारच्या बाईंचा निरोप होता: "हा. व. (हातच्याची वजाबाकी) झाली. सराव घ्या." गुरुवारच्या बाईंनी सराव घेतला होता, काही मुलं अडली तेव्हा स्वतःला येत होती तशी समजावली होती. दोघींपैकी कुणी चुकीचं काही केलं नव्हतं. मुलीने तर दोघींनाही मान दिला होता.

वजाबाकी दोन आठवड्यांत सुधारता येते. त्याच महिन्यात जे दुसरं कळलं ते जास्त गंभीर होतं.

तिसऱ्या बाकावर बसणारा एक मुलगा फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचा. सोमवारच्या बाईंच्या हे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. त्यांनी फोनवर गुरुवारच्या बाईंना सांगितलं, "त्याच्या घरी सांगायला हवं." गुरुवारच्या बाईंना वाटलं, त्या सांगणार आहेत. सोमवारच्या बाईंना वाटलं, आपण सांगितलं म्हणजे आता त्या बघतील. मुलगा गुणी, तक्रार न करणारा. ऑगस्टअखेर त्याची आई प्रगती विचारायला आली तेव्हा तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. डोळे तपासले, दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर निघाला. पाच आठवडे तो पोर धूसर फळ्याकडे बघत बसला होता.

सोमवारच्या बाई माझ्या खोलीत आल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "एकटी असते तर त्याच दिवशी फोन केला असता."

मला आजोबांचं वाक्य आठवलं. सभेत आम्ही हसलो होतो, आणि हा पोर खरोखर दोन घरांचा पाहुणा झाला होता.

निर्णयाची वेळ

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघी बसलो. ही व्यवस्था मोडायची का, हा प्रश्न मीच मांडला. मोडली तर तिसरी 'ब'ला नवी शिक्षिका शोधायची आणि या दोघींनी जायचं. गुरुवारच्या बाई म्हणाल्या, "मोडायची तर मोडू, पण आधी आम्ही किती वेळ देतोय ते तरी बघा." दोघी दोन आठवडे रोजचा वेळ कागदावर लिहीत होत्या, ते मला माहीतही नव्हतं.

वर्गावरचे तास सोमवारच्या बाईंचे आठवड्याला पंधरा. त्यांच्या कागदावर बेरीज होती सव्वीस. वह्या तपासणं, तयारी हे तर होतंच. त्याशिवाय रोज रात्री साडेनऊनंतर फोन, कधी वीस मिनिटं तर कधी पाऊण तास. सुट्टीच्या दिवशी पालकांचे मेसेज. आणि शनिवारच्या शिक्षकसभा. पहिल्या सत्रातल्या सहांपैकी पाच सभांना मीच त्यांना बोलावलं होतं. निम्म्या पगारात त्या निम्म्याहून बरंच जास्त काम करत होत्या आणि तरी मुलाच्या डोळ्यांचा निरोप मध्येच पडला होता. रात्री साडेनऊला, सासूबाईंना कुशीवर वळवून झाल्यावर केलेल्या फोनमध्ये महत्त्वाचं काय आणि किरकोळ काय, हे वेगळं राहत नाही.

तिथे माझ्या लक्षात आलं की चूक त्यांच्या वागण्यात नसून मी केलेल्या आखणीत आहे. वर्ग सोपवणं हे काम आहे. त्याला दिवसाउजेडी वेळ हवा, समोरासमोर बसायला जागा हवी आणि त्याचा मोबदला हवा.

दुरुस्ती

बुधवारी शेवटचे दोन तास चित्रकला आणि खेळाचे ठेवले. ते वेगळे शिक्षक घेतात. गुरुवारच्या बाई बुधवारी अकराच्या आधी यायच्या आणि दोघी मिळून दीड तास ग्रंथालयातल्या टेबलावर बसायच्या. वह्या पुढ्यात घेऊन, वहीतली चूक दाखवून बोलायचं. सोमवारच्या बाईंचा तो शाळेचाच वेळ. गुरुवारच्या बाईंना वेगळे पैसे द्यायचे. त्यांच्या तेरा दिवसांचे तेरा हजार, म्हणजे दिवसाचे हजार, तासाचे दोनशे. दीड तासाचे तीनशे आणि जाण्या-येण्याचे शंभर. महिन्याला १,६००.

कोषाध्यक्षांनी विचारलं, "एका जागेला एका पगाराहून जास्त कसं द्यायचं?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना ५२ वजा २७ ची वही दाखवली आणि त्या मुलाच्या चष्म्याबद्दल सांगितलं. त्यांनी दिवाळीपर्यंत मंजुरी दिली आणि दिवाळीनंतर तो विषय पुन्हा काढला नाही.

पट वाटून घेतला. हजेरी क्रमांक १ ते १८ एकीचे, १९ ते ३६ दुसरीचे. शिकवायच्या दोघी सगळ्यांना, पण मुलाच्या घरी फोन कुणी करायचा हे ठरलेलं. दुसरीला काही दिसलं तर तिने वहीत लिहायचं आणि ज्यांचं मूल त्यांनी 'घरी सांगितलं' असं लिहून तारीख टाकायची. ती तारीख नसेल तर काम झालेलं नाही असं समजायचं. आमच्या सगळ्या दुरुस्त्यांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी पडलेली ही.

गणितातला नवा भाग फक्त सोमवारच्या बाईंनी सुरू करायचा, गुरुवारच्या बाईंनी त्याच रीतीने सराव घ्यायचा. मराठीत उलट. त्या वर्षी पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातलेली होती. मुलांनी नवी रीत त्या पानावर स्वतःच्या हाताने उतरवायची ठरवली. गुरुवारच्या बाईंना काय शिकवलंय ते आयतंच पुस्तकात मिळायला लागलं. त्या पानांबद्दल पुष्कळांनी नाकं मुरडली, आम्हाला मात्र ती कामाला आली.

शिक्षकसभेला दोघींपैकी जिचा दिवस तिनेच यायचं. रात्री आठनंतर एकमेकींना फोन नाही.

एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. त्या वर्षी १५ ऑगस्ट, गणेश चतुर्थी आणि दसरा, तिन्ही मंगळवारी आले. इंग्रजीचे जोडतास मंगळवारी होते, त्यामुळे इंग्रजी मागे पडलं. दुसऱ्या सत्रात एक जोडतास शुक्रवारी नेला. वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी पुढ्यात घेऊन वार मोजले असते तर हे टळलं असतं.

वर्षअखेर

त्या ११ मुलांपैकी नऊ जणांची वजाबाकी दिवाळीच्या आत बसली. दोघांना जानेवारीपर्यंत वेगळं बसवावं लागलं. चष्मा लागलेला मुलगा पहिल्या बाकावर गेला आणि त्याच्या वाचनात एवढा फरक पडला की आधी आपण त्याला 'मागे' समजत होतो याची दोघींना लाज वाटली. एक बाई आजारी पडल्या तर दुसऱ्या येत, त्यामुळे वर्गावर वर्षभरात एकदाही परका माणूस उभा राहिला नाही. दुसऱ्या रिकाम्या जागेवर आम्ही जूनमध्ये नेमलेल्या शिक्षिका मात्र सरकारी नेमणूक आल्यावर फेब्रुवारीत गेल्या. त्या तुकडीने एका वर्षात तीन चेहरे पाहिले.

लोकसभा निवडणुकीच्या कामाचे हुकूम दोघींच्याही नावाने आले. जागा एक असली तरी कर्मचाऱ्यांच्या यादीत माणसं दोन. सोमवारच्या बाईंचं प्रशिक्षण नेमकं त्यांच्या घरच्या दिवशी होतं. त्याची सोय माझ्या हातात नव्हती.

आणि घरांचं काय झालं? ज्यासाठी हे सगळं केलं त्याबद्दल मी दोघींना वेगवेगळं विचारलं.

सोमवारच्या बाई म्हणाल्या, "तीन दिवस सुट्टी मिळाली असं कुणी म्हणू नका. ते तीन दिवस मी जास्त दमते. पण फिजिओथेरपीचे व्यायाम स्वतः करून घेता आले." संक्रांतीच्या सुमारास सासूबाई वॉकर धरून न्हाणीपर्यंत जायला लागल्या. नोकरी राहिली, वर्षं तुटली नाहीत. त्यांच्या लेखी तोल म्हणजे एवढंच होतं आणि ते पुष्कळ होतं.

गुरुवारच्या बाईंचं उत्तर मला अनपेक्षित होतं. मुलीबरोबरचे दिवस त्यांना हवे होते आणि मिळाले. पण नोकरी अर्धी म्हटल्यावर घरच्यांनी उरलेला अर्धा आठवडा आपापसांत वाटून घेतला. पाहुणे सोमवारी, बँकेची कामं मंगळवारी, दीरांच्या मुलाचा अभ्यास रोजचाच. "पूर्ण वेळ होते तेव्हा निदान पाच तास कुणी हाक मारत नव्हतं," त्या म्हणाल्या.

वर्षाच्या मध्यात तिसऱ्या एका शिक्षिकेने अशीच व्यवस्था मागितली. निम्म्या पगाराचा आकडा ऐकून दुसऱ्या दिवशी अर्ज परत घेतला. त्यांच्या घरात त्या एकट्या कमावतात. ही सोय अजून तरी दुसरा पगार असलेल्या घरालाच परवडते, आणि मागायला आजवर बायकाच आल्या आहेत. या दोन्ही गोष्टी मला खुपतात. माझ्याकडे त्यांवर उपाय नाही.

वेगळं काय केलं असतं

बुधवारचा दीड तास पहिल्या दिवसापासून पगारात धरला असता. त्याला पैसे नसतील तर ही व्यवस्था सुरूच करू नये, असं आता माझं मत आहे. १,६०० रुपये वाचवायला गेलो आणि दोघींच्या अडीच महिन्यांच्या रात्री खर्ची पडल्या.

जूनच्या आधी दोघींना एकमेकींच्या वर्गावर आठवडाभर मागे बसवलं असतं. त्या एकमेकींना सहा वर्षं ओळखत होत्या. शिक्षकांच्या खोलीत डबा एकत्र खायच्या, पण एकमेकींना शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. वजाबाकीचा घोळ तिथेच उघडा पडला असता.

आजोबांना सभेत उत्तर द्यायला हवं होतं. "उपाशी राहू नये म्हणून काय करणार?" असा त्यांचा प्रश्न होता. मी तो विनोद समजले. पटाची वाटणी त्याच दिवशी सुचली असती.

घरच्यांशी बोलणं शाळेचं काम नाही. तरी अर्धवेळ सुरू करणाऱ्या बाईंना मी आता आधीच सांगते, की तुमचे दिवस घरात कशाकशाने भरतील ते यजमानांबरोबर बसून कागदावर लिहा.

सध्या

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला आणि जूनपासून आमची वेळ ९ ते २ झाली. दरम्यान पाळणाघर साडेआठला उघडायला लागलं होतं. गुरुवारच्या बाई पूर्ण वेळ परत आल्या, स्वतःच्या मागणीने.

सोमवारच्या बाईंना अजून अर्धवेळच हवं होतं. त्यांच्या जोडीला चौथीच्या एक बाई पुढे आल्या. वय ५६, दोन्ही गुडघे दुखरे, अठ्ठावन्नाला निवृत्त व्हायचं. जिने चढायचे दिवस निम्मे झाले तर उरलेली दोन वर्षं नीट करता येतील असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या पगारावरून ग्रॅच्युइटी मोजायची असेल तर तीस वर्षांच्या सेवेला बसणारा फटका त्यांनी घरीच काढून आणला होता.

मी त्यांच्यापुढे वेळापत्रक ठेवलं. त्यांनी ते बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "ते पत्र आधी दाखवा." हिशेबनीसांनी फाइल आणली. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं, स्वतःच्या नावाचं तसंच पत्र मागितलं, आणि मग विचारलं, "बुधवारी किती वाजता बसायचं?"